यंत्राला षड्ज कोण सांगणार?

परवा एका स्नेह्यांकडे गेलो असता घरातले वातावरण जरा तंग दिसले. त्यांची कन्या इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर, शिवाय गायनात विशारद. एका नामवंत कंपनीचे नेमणूकपत्र हाती आलेले असताना तिने ‘म्युझिक टेक्नॉलॉजी’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा आणि त्यासाठी स्पेनमधील बार्सिलोना येथे जाण्याचा मनोदय जाहीर केला होता. वडील बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा सवाल सरळ होता, “गाणे शिकायचे तर इथे गुरू आहेत, यंत्रे शिकायची तर इथे आयआयटी आहे. आपले गाणे यंत्रात घालायला स्पेनला कशाला जायचे?” आणि मग माझ्याकडे वळून, “तुम्ही पत्रकार आहात, तुम्हीच सांगा हिला.”

मी कला शाखेचा पदवीधर. त्या वेळी चहाच्या निमित्ताने वेळ मारून नेली. पण विषय मनातून जाईना. पुढचे आठ-दहा दिवस जमेल तितके वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती आले ते केवळ त्या कुटुंबापुरते नाही, असे वाटल्याने येथे मांडत आहे.

संगीत तंत्रज्ञान म्हणजे ध्वनिमुद्रण करणे किंवा चित्रपटगीतांना ठेका देणे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वस्तुत: ध्वनीचे गणित, संगणकशास्त्र, श्रवणाचे मानसशास्त्र आणि संगीतशास्त्र यांच्या संगमावर उभी असलेली ही विद्याशाखा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाच्या संगीतकाराने १९६७ साली संगणकावर प्रयोग करता करता स्वरनिर्मितीची एक नवी रीत शोधून काढली. तिथल्या ऑर्गन बनविणाऱ्या कंपन्यांना तिचे मोल कळले नाही. जपानच्या यामाहाला ते कळले. १९८३ साली बाजारात आलेल्या ‘डीएक्स-७’ या वाद्याने जगाच्या सुगम संगीताचा नादच पालटला आणि ते पेटंट स्टॅनफर्डला मिळालेल्या सर्वांत किफायतशीर पेटंटांपैकी एक ठरले. गंमत अशी की, याच विद्यापीठाने मधल्या काळात चाउनिंग यांना नोकरीत कायम करण्याचे नाकारले होते. चूक उमगल्यावर त्यांना परत बोलावून घेतले. ‘याला बाजारात किंमत काय?’ या पालकांच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे, पण ते महत्त्वाचे उत्तर नव्हे.

स्टॅनफर्डमधूनच १९८९ साली डॉक्टरेट घेतलेले झेवियर सेरा यांनी बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात १९९४ साली संगीत तंत्रज्ञानाचा संशोधन गट स्थापन केला. २०११ मध्ये युरोपीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने त्यांनी ‘कॉम्पम्युझिक’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्याचे गृहीतक आपण नीट समजून घेतले पाहिजे. संगीत ओळखणारी, वर्गवारी करणारी, शोधून देणारी संगणकीय साधने पाश्चात्त्य संगीताच्या मापाने बेतलेली आहेत. अन्य संस्कृतींच्या संगीताला ती लागू पडत नाहीत, हे एका युरोपीय संशोधकाने मांडले आणि पाच परंपरा अभ्यासासाठी निवडल्या. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदलुसी आणि बीजिंगचा ऑपेरा. पाचांपैकी दोन आपल्या.

ही साधने आपल्याकडे का अडतात, हे पाहण्यासारखे आहे. संगणकाला प्रथम लागतो तो षड्ज. पाश्चात्त्य पद्धतीत प्रत्येक स्वराची कंपनसंख्या ठरलेली. आपल्याकडे कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी काळी पाचमध्ये. ‘सा’ ज्याचा त्याचा. तो न ओळखता पुढचे काही ओळखताच येत नाही, म्हणून मागे वाजणाऱ्या तंबोऱ्यावरून षड्ज शोधण्याची रीत मुद्दाम बसवावी लागली. मग प्रश्न रागाचा. केवळ कोणते स्वर किती वेळा लागले याची मोजदाद केली तर भूप आणि देशकार यंत्राला जवळजवळ सारखेच दिसतात. स्वर तेच पाच. फरक आहे तो भूपात गंधारावर आणि देशकारात धैवतावर ठेवलेल्या भराचा, न्यासाचा, चलनाचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जे कानाने सांगतो, ते यंत्राला सांगण्यासाठी प्रबंध लिहावे लागले. तालाचे तेच. विलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर किंवा त्याहूनही लांबू शकते. काही सेकंदांच्या आवर्तनांवर पोसलेल्या यंत्राला समेची वाट पाहण्याचा धीरच नसतो.

आणि मींड? १९९७ साली ‘ऑटो-ट्यून’ नावाची प्रणाली आली. तिचा जनक भूगर्भातील तेल शोधण्यासाठी लागणाऱ्या कंपनलहरींचा तज्ज्ञ होता. गाणाऱ्याचा सूर जवळच्या ठरावीक स्वरावर ओढून बसविणे, हे तिचे काम. बेसुऱ्याला ते वरदान वाटेल. पण दरबारीतल्या आंदोलित गंधाराला ‘जवळचा ठरावीक स्वर’ नाहीच. तो स्वर त्या हालचालीतच आहे. ज्या यंत्राला हे ठाऊक नाही, त्याच्या लेखी आपला गंधार ही दुरुस्त करण्याची चूक आहे. उद्या मुलांचा रियाझ तपासणारी, स्पर्धेत गुण देणारी यंत्रे अशाच मापाने बनली, तर कोणाचा गळा कोणत्या साच्यात बसेल, याचा विचार पालकांनी करावा.

आता त्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. स्पेनला कशाला? कारण जे काम आपल्याकडे सुरू झाले होते, ते आपण अखंड ठेवले नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुतींची मोजमापे घेतली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या सहकार्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. तिच्यावरून पुढे कडाक्याचे वाद झाले; पण वाद होण्याइतके काम सांगलीसारख्या गावी झाले होते! सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली तबला-मृदंगातून सुरेल उपस्वर कसे निघतात हे दाखविले आणि १९२१ साली तंबोऱ्याच्या घोडीचा अभ्यास केला. तार जेथे छेडावी तेथे निष्पंद असणारे उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्यांचा नियम. आपला तंबोरा तो मोडतो, ते जवारीमुळे. ती जवारी काढणारे कारागीर मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या हे करीत आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहेच. पण त्या कारागिराच्या कानात जे शास्त्र आहे ते टिपून घेणारा विद्यार्थी त्याच्या शेजारी कोण बसवणार?

पुढेही काम अगदीच थांबले, असे नव्हे. मुंबईच्या एनसीपीएमध्ये १९८० च्या दशकात गायनाचा आलेख काढणारे यंत्र चालले. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्या गटाने आणि आयआयटी मद्रासमध्ये प्रा. हेमा मूर्ती यांच्या गटाने मोलाचे संशोधन केले. बार्सिलोनाच्या प्रकल्पात आयआयटी मद्रास सहभागी होती, आपली मुले तेथे डॉक्टरेट करून आली. सेरा यांनी आपले काही लुबाडून नेले, असा कांगावा करण्यात अर्थ नाही. त्यांनी दार उघडले. आपल्या विद्यापीठांत मात्र संगीत विभाग एका इमारतीत आणि अभियांत्रिकी दुसऱ्या गावात, अशी स्थिती. विशारद झालेल्याला गणित येत नाही आणि अभियंत्याला समेवर येता येत नाही. शाखांच्या भिंती पाडण्याची भाषा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. मग निदान एखाद्या विद्यापीठाने दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असा आखावा की, सकाळी रियाझ, दुपारी गणित, आणि प्रबंधासाठी आपल्याच संगीत मंडळांच्या कपाटांतील जुन्या मैफलींच्या टेप. त्या टेपवर राग, ताल, बंदिश, घराणे यांची नोंद करायला जाणकार कान लागतो. ते काम बाहेरचा कोणी आपल्यासाठी करून देणार नाही.

काही बुजुर्ग गवई म्हणतील, गाणे मोजायची वस्तू नव्हे. त्यांचा आदर राखून एवढेच सांगतो की, १९६३ साली जयरजभॉय आणि स्टोन यांनी नामवंत कलावंतांचे स्वर मोजले, तेव्हा एकाच रागातला एकच स्वर कलावंतागणिक, इतकेच नव्हे तर एकाच मैफलीतही बदलतो, असे आढळले. गुरुजन जे सांगत आले, तेच यंत्राने सांगितले. मोजमापाने हटवादी ठरले ते पुस्तकी आकडे.

हे सारे मी स्नेह्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “समजा पाठवली,” ते म्हणाले, “आणि शिकून परत आली. मग इथे तिला बसायला खुर्ची कोणत्या विभागात?” मला उत्तर देता आले नाही. कन्येने मात्र अर्ज भरला आहे. सोबत ध्वनिमुद्रण जोडायचे म्हणून तिने देशकार निवडला, आणि त्या संध्याकाळी माझ्यासमोरच तंबोरा जुळवायला घेतला.