ध्वजनिधीचे खरे धनी

दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासून चालत आलेली ही प्रथा आहे. कचेऱ्यांतून आणि शाळांतून डबे फिरतात, चिमुकला ध्वज छातीवर टाचला जातो, आणि डब्यात दहा-वीस रुपये टाकून नागरिक आपल्या कामास लागतो. हा पैसा पुढे कोठे जातो, ह्याची चौकशी सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या वर्गाने क्वचितच केली असेल. ती करणे अगत्याचे आहे. कारण ज्याच्यासाठी हा निधी उभारला जातो असा एखादा वृद्ध शिपाई आपल्याच शहरातील पुलाखाली वा देवळाच्या ओसरीवर रात्र काढीत असण्याचा संभव आहे, आणि आपला हक्क काय हे त्यास ठाऊक नाही.

माजी सैनिक म्हटला की त्यास पेन्शन असणारच, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. शिपायास निवृत्तिवेतन मिळावयाचे तर साधारणतः १५ वर्षांची सेवा भरावी लागते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर सैन्याचा विस्तार झपाट्याने झाला. त्या काळात आणि पुढच्या दशकात सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर ह्या भागांतील खेड्यांतून असंख्य तरुण पलटणीत दाखल झाले. घरची अडचण, आजार वा अन्य कारणाने ज्यांना मुदतीपूर्वी परतावे लागले, त्यांच्या पदरी निवृत्तिवेतन पडले नाही. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला असा जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. जमिनीच्या वाटण्या झालेल्या. शहरात येऊन पहारेकऱ्याची नोकरी केली. शरीर थकले तशी नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर डोके टेकण्याची खोलीही गेली.

निवृत्तिवेतन नसलेल्या, वयाची ६५ वर्षे उलटलेल्या, हवालदार वा तत्सम हुद्द्यापर्यंतच्या निराधार माजी सैनिकास, अथवा त्याच्या विधवेस, केंद्रीय सैनिक मंडळामार्फत दरमहा निर्वाह-अनुदान मिळू शकते. ते ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ते ८,००० करण्यास मंजुरी दिली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना हा दर लागू झाला. ध्वजदिन निधीचाच एक भाग असलेल्या कल्याण निधीतून हा खर्च होतो. म्हणजे तो आपणच डब्यात टाकलेला पैसा आहे. ८,००० रुपयांत मुंबई-पुण्यास घर मिळत नाही हे खरे. परंतु एक खाट आणि दोन वेळची भाकरी ह्यांची तजवीज होऊ शकते.

मग अडते कोठे? कागदांपाशी. सेवामुक्तीचे पुस्तक हवे, माजी सैनिकाचे ओळखपत्र हवे, आधार हवे, बँकेचे खाते हवे. अर्ज संगणकावरून करावयाचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तो तपासून शिफारशीसह पुढे धाडावयाचा. ज्यास छप्परच नाही त्याचे कागद पावसात भिजतात, नाही तर गाठोड्यासकट चोरीस जातात. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये माजी सैनिकांच्या घरांस मालमत्ताकर माफ केला, तो निर्णय स्तुत्यच होता. पण ज्याचे घर नाही त्याने कोणता कर माफ करून घ्यावा?

कागद हरवले म्हणजे सर्व संपले असे मात्र नव्हे. प्रत्येक पलटणीचे अभिलेख कार्यालय असते: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावास, महार रेजिमेंटचे सागरास, बॉम्बे सॅपर्सचे खडकीस. सैनिकी क्रमांक सांगितला की तेथील दप्तरात नोंद शोधता येते. आणि जुना शिपाई एक वेळ मुलाचा पत्ता विसरेल. आपला क्रमांक विसरावयाचा नाही.

येथेच आमच्या वाचकांचे काम आहे. सोसायटीच्या फाटकावरील म्हाताऱ्या पहारेकऱ्यास, देवळापाशी बसणाऱ्यास, ‘कोणत्या पलटणीत होता, बाबा?’ एवढे विचारावे. उत्तर मिळाल्यास क्रमांक टिपून घ्यावा, अभिलेख कार्यालयास पत्र लिहावे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्यासोबत स्वतः जावे. पेन्शनीत निघालेल्या कारकून-शिक्षकांना अर्ज लिहिण्याची कला पुरेपूर अवगत आहे. ती वाया का जावी?

शासनाची जबाबदारी अर्थातच ह्याहून मोठी आहे. अमेरिकेत दर वर्षी जानेवारीतील एका रात्री बेघरांची मोजदाद होते आणि त्यांत माजी सैनिक किती ते वेगळे नोंदविले जाते. २०१० मध्ये त्यांची संख्या ७४,००० च्या वर होती, २०२४ मध्ये ती ३३,००० च्या आत आली. आपल्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर बेघर नोंदले गेले; त्यांत सैनिक किती, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. अर्जदार दारी येईल तेव्हा पाहू, ही सैनिक कल्याण कार्यालयांची रीत बेघर माणसाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. त्यांच्या कर्मचाऱ्याने महिन्यातून एकदा महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यांत जाऊन चौकशी करावी, आणि येत्या ध्वजदिनी प्रत्येक डब्यासोबत ह्या अनुदानाची माहिती देणारे मराठी पत्रकही वाटले जावे.