अर्बुद, विषाणू आणि आपले उत्तरदायित्व

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन केले असून मुष्टिप्रहारासारखा आघातही हेतू म्हणून सांगितला आहे. विषाणूजन्य अर्बुदही तेथेच वर्णिले आहे, असे विधान आपल्या संमेलनांतून अधूनमधून ऐकू येते. हा आग्रह सोडावा, असे माझे नम्र मत आहे.

1911 मध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीच्या अर्बुदाचा अर्क पेशी अडवणाऱ्या गाळणीतून गाळून निरोगी कोंबडीस टोचला. तिलाही अर्बुद झाले. 1936 मध्ये बिटनर यांनी उंदरांतील स्तनार्बुदाचा एक हेतू मातेच्या दुधातून पिलांत जातो, हे दाखविले; तो पुढे विषाणू ठरला. आपल्या परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवरच हा विषाणू आणि अंतःस्राव यांचा संबंध अभ्यासला. 1976 मध्ये बिशप, वार्मस व त्यांच्या सहकाऱ्यांनी राऊस-विषाणूतील घातक जनुकाचे मूळ कोंबडीच्या निरोगी पेशीतच असल्याचे सिद्ध केले. विषाणूसोबत आलेले हे जनुक अनिर्बंध कार्य करते आणि पेशी विभाजनाची मर्यादा सोडते.

प्राण्यांतील निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू होत नाहीत. मानवी स्तनार्बुदास असा विषाणू कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत मात्र ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे कारणत्व निर्विवाद आहे. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. या विषाणूच्या एका चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे. डोंबिवलीतील माझ्या चिकित्सालयात रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणारी एक रुग्णा आली होती. असृग्दर समजून मी तिला तीन महिने पुष्यानुग चूर्ण व अशोकारिष्ट दिले. तपासणीस पाठविले तेव्हा व्याधी बरीच पुढे गेली होती. ग्रंथ चुकला नव्हता, मी चुकलो होतो.

म्हणून ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील वैद्यबंधुभगिनींना विनंती, की अशा रुग्णेस पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या मातांना प्रतिबंधक लसीची माहिती द्यावी. पुण्यात तयार होणारी लस 2023 पासून उपलब्ध आहे. औषधालयचालकांनी कर्करोग बरा करण्याचा दावा असलेली पत्रके दुकानात ठेवू नयेत; 1954 च्या कायद्याने अशा जाहिरातीस मनाई आहे. बलरक्षण, अग्निदीपन व चिकित्साकालीन उपद्रवांचे शमन हे आपले कार्यक्षेत्र आहे, आणि तेथे तज्ज्ञांच्या संमतीने करण्यासारखे पुष्कळ आहे.