व्हिलन मुळात कोण होता?

सिनेमा पाहणाऱ्या लहान पोरालाही व्हिलन कोण ते कळते. पण हा व्हिलन मुळात कोण होता, हे कधी विचारले आहे का?

लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे जमीनदाराचा शेतवाडा. त्या शेतीवर राबणारा तो 'व्हिलानुस'. इंग्लंडमध्ये 1086 साली राजाच्या हुकुमाने 'डूम्सडे' नावाची नोंदवही तयार झाली. तिच्यात नोंदलेल्या लोकांत सर्वात मोठा वर्ग यांचाच होता. पुढे हे लोक जमिनीला बांधलेले गुलाम झाले. धन्याच्या शेतावर ठरावीक दिवस फुकट राबायचे, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, मुलीचे लग्न करायचे तरी धन्याला पैसे मोजायचे. 1381 साली ते पेटून उठले. ही गुलामी रद्द करण्याचे वचन राजाने दिले. पण त्यांचा नेता वॉट टायलर मारला गेला आणि राजाने वचन मोडले.

लेखणी राबणाऱ्याच्या हातात नव्हतीच. म्हणून 'व्हिलन' म्हणजे आधी शेतमजूर, मग गावंढळ, मग नीच आणि शेवटी बदमाश. याउलट 'जंटल' म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला. त्याचा अर्थ झाला सभ्य! आजही 'व्हिला' म्हटले की बिल्डरच्या जाहिरातीतला आलिशान बंगला आठवतो. मालकाच्या वाड्याला प्रतिष्ठा मिळाली, त्यात राबणाऱ्याच्या वाट्याला शिवी आली.

आपल्याकडे वेगळे काय घडले? मनुस्मृतीने ज्यांना गावाबाहेर ठेवले, मेलेल्यांची वस्त्रे नेसायला लावली, त्या 'चांडाळां'चे नाव आज शिवी आहे. शिकलेली माणसेही 'चांडाळचौकडी' म्हणून हसतात. हटकले तर उत्तर तयार असते, "अहो, नुसता शब्द आहे. आता जात कोण बघतो?"

यातली चलाखी ओळखा. इंग्लंडमधली ती गुलामी सोळाव्या शतकाअखेर जवळजवळ संपली. म्हणून आज 'व्हिलन' म्हटल्याने तिथल्या कुणा शेतकऱ्याचा अपमान होत नाही. आपल्याकडे जात संपली आहे का? जातीवरून घर नाकारले जाते, लग्न मोडले जाते, मुडदे पडतात. जात जिवंत असताना जातीची शिवी 'नुसता शब्द' कशी होईल?

सर्वोच्च न्यायालयानेही 2008 साली स्वर्ण सिंग प्रकरणात हेच सांगितले. अपमान करण्याच्या हेतूने एखाद्याला 'चमार' म्हटले, तर शब्दाची व्युत्पत्ती पाहायची नाही, आज तो कोणत्या अर्थाने वापरला जातो ते पाहायचे. असे म्हणणे अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी 'नुसता शब्द' म्हणाला, तर त्याला एकच सांगा : आधी जात संपवा, मग शब्द आपोआप निरुपद्रवी होईल. तोवर तो शब्द तोंडातून काढू नका.

जय भीम!