कुत्र्याची लूत आणि माणसाचे औषध

पावसाळा ओसरू लागला की गोव्यातील घराघरांच्या अंगणात एक दृश्य हटकून दिसते. घरचा कुत्रा तुळशीवृंदावनाच्या आडोशाला बसून मागच्या पायाने मान खाजवीत असतो. पोटाखाली लाल पुटकुळ्या उठलेल्या असतात, शेपटीच्या मुळाशी केस झडून कातडे उघडे पडलेले असते. घरचा कर्ता पुरुष एकदा पाहतो, ‘लूत लागली’ असा निवाडा देतो आणि संध्याकाळी बाजारातून परतताना मासळीच्या पिशवीबरोबर औषधाच्या दुकानातून कॅप्सुलांची एक पट्टीही आणतो. चिठ्ठी कोणी मागत नाही, म्हणून कोणी देतही नाही. चार दिवसांनी खाज कमी झालीशी वाटते. उरलेल्या कॅप्सुला कपाटात जातात, पुढच्या कुत्र्यासाठी किंवा प्रसंगी घरातल्या मुलासाठी.

या दोषातून आम्ही स्वतःही मुक्त नाही. आमच्या घरच्या कुत्र्याच्या काखेतील कातडे काळे पडून त्याला आंबूस दर्प येऊ लागला, तेव्हा आमच्या दाताच्या दुखण्यातून उरलेल्या ॲमॉक्सिसिलिनच्या कॅप्सुला आम्ही त्याला भातमासळीत दडवून चारल्या. आठवडा गेला, गुण आला नाही. शेवटी पशुवैद्याकडे नेले. त्यांनी त्या जागेवर काचेची एक पट्टी दाबली, ती रंगात बुडविली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून आम्हालाच पाहावयास सांगितले. आत जांभळ्या रंगाचे भुईमुगाच्या शेंगेसारखे ठिपके होते. ते जंतू नव्हतेच, यीस्ट या जातीची बुरशी होती, आणि तिच्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. दहा मिनिटांचे ते काम आम्ही आठ दिवस आधी करून घेतले असते तर मुक्या जीवाचा त्रास वाचला असता.

लूत हा शब्द आपल्या भाषेत जुना आणि फार सोयीचा आहे. कातडीला काहीही झाले तरी तो चालतो. वस्तुतः खरी लूत होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावे पुरतात आणि तो पाठ चावून रक्तबंबाळ करतो. कुणाला धुळीची, कुणाला खाण्यातील एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असते. मांजरांच्या बाबतीत तर निव्वळ जंतूंमुळे कातडे पिकणे हे कुत्र्यांच्या मानाने बरेच कमी. तेथे पिसवा, भांडणातील जखमेचे गळू आणि गजकर्ण यांचाच संशय आधी घ्यावा. गजकर्ण तर मांजराला कुशीत घेऊन निजणाऱ्या मुलांना सहज होते. या बहुतेक विकारांत जंतू येतात ते मागाहून, दार उघडे राहिलेल्या घरात चोर शिरावा तसे. दार उघडेच ठेवून चोराला पिटाळत राहिले तर तो फिरून येणारच.

हा चोर परका नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस या लांबलचक नावाचा जंतू निरोगी कुत्र्याच्या अंगावर नित्य वस्तीला असतो. कातडे दुबळे झाले की तो उचल खातो. त्यातील बहुसंख्य जंतू पेनिसिलिनच्या कुळातील साध्या औषधांचा चुराडा करणारे विकर स्वतःच निर्माण करतात. म्हणून कपाटातील ॲमॉक्सिसिलिन या कामी बहुधा वाया जाते. या शतकाच्या पहिल्या दशकापासून तर या जंतूच्या अशा जाती जगभर पसरल्या आहेत की ज्यांच्यापुढे नेहमीच्या वापरातील बहुतेक सारी प्रतिजैविके हात टेकतात. ज्या कुत्र्याला पूर्वी वारंवार ही औषधे दिलेली असतात, त्याच्या अंगावर असे जंतू आढळण्याचा संभव अधिक.

कुत्रा आपल्या पायाशी झोपतो आणि आपले हात चाटतो. माणसाच्या अंगावरचे जंतू त्याच्याकडे जातात, क्वचित त्याचे आपल्याकडे येतात, आणि प्रतिकाराची जनुके एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील मोठा वाटा इस्पितळांतील आणि माणसांच्या औषधोपचारांतील गैरवापराचा आहे, कुत्र्यामांजरांचा नव्हे. हे मान्य करूनही आमच्या अंगणातील हिश्श्याची जबाबदारी आमच्याचकडे राहते. अपुऱ्या मात्रेने जंतूंना प्रतिकार शिकविला जाईल, हा इशारा खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिला होता.

मग करावे काय? कुत्र्यांच्या पिकलेल्या कातडीसंबंधी पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या सूचना या बाबतीत निःसंदिग्ध आहेत. आधी काचपट्टीची तपासणी. आणि दुखणे वरवरचे असेल तर गोळ्या नकोतच, बाहेरून धुणे पुरे. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनतीनदा लावावा, फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा, मग स्वच्छ पाण्याने धुवावे. गोळ्या द्याव्याच लागल्या तर त्या वजनानुसार, वरवरच्या दुखण्यात दोन आठवडे व खोल गेलेल्या फोडांत तीन आठवडे, आणि मग पुन्हा तपासणी. खोलवरच्या दुखण्यात पू तपासून कोणते औषध चालेल हे आधी ठरवावे. बरे वाटले की आपल्या मनाने थांबणे जसे चूक, तसेच विचारल्यावाचून महिनोन्‌महिने गोळ्या चालू ठेवणेही चूकच. मोटारीचे जळके तेल चोपडण्याचा प्रकार अजून काही ठिकाणी चालतो. तो सरळसरळ छळ आहे. आणि कुत्र्याच्या पिसवांवरचे पर्मेथ्रिनचे औषध मांजराला लावू नये, त्याने मांजर मरते.

येथे एक अडचण आम्ही नाकारत नाही. घरच्या कुत्र्याला दहा मिनिटे फेसात उभा करता येतो, रस्त्यावरच्या कुत्र्याला कोण धरणार? त्यांची सेवा करणारे स्वयंसेवक एका सुईवर भागवू पाहतात, त्यामागे करुणाच असते. त्यांना दोष देण्यापेक्षा तपासणीची सोय जवळ आणून द्यावी, हे अधिक न्यायाचे.

दुकानदारांबद्दल मात्र आम्हाला इतके सौम्य राहवत नाही. चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकू नयेत हा नियम जुना आहे. त्यांतील कित्येक औषधांच्या बाबतीत १ मार्च २०१४ पासून चिठ्ठी देणाऱ्याचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे. रुग्ण चार पायांचा आहे म्हणून नियम शिथिल होत नाही. केरळने २०२४ च्या आरंभी अशा विक्रीविरुद्ध अचानक तपासण्यांची मोहीम काढली. गोव्यात तशी मोहीम निघण्यास हरकत कोणाची आहे?

ज्या राज्याने वाड्यावाड्यावर जाऊन कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ साली देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य हा लौकिक मिळविला, त्याला हे काम अवघड नाही. पुढील पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्याच्या पशुचिकित्सालयात एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या पट्ट्या आणि रंगाच्या तीन बाटल्या रोजच्या वापरात असाव्यात. जेथे आहेत तेथे त्या कपाटाबाहेर काढाव्यात, जेथे नाहीत तेथे पुरवाव्यात. आणि पू तपासणीसाठी पाठवावयाचा तर तो कोठे, किती दिवसांत व किती खर्चात, हे दारावरच्या फलकावर मराठीत व कोकणीत लिहिलेले असावे.