कागद वाचल्याशिवाय अंगठा नाही!

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला गेले ते एक करार पाळण्यासाठी! बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाण्यापूर्वी, १९१३ मध्ये, त्यांनी संस्थानला लिहून दिले होते की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे आपण संस्थानची नोकरी करू. केलेल्या सहीला जागणारा हा माणूस. पण कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या अख्ख्या शहरात भाड्याने एक खोली मिळेना. नाव बदलून पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले, आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही हुसकून लावले. ही हकिगत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे. करार पाळायला गेलेल्या माणसाला निवारा नाकारला गेला. पुढे त्यांनी कायद्याचे शिक्षण पूर्ण केले, बॅरिस्टर झाले आणि या देशाला संविधान दिले.

शंभराहून अधिक वर्षे उलटली. आज परभणीत, जिंतुरात, गंगाखेडात खोली शोधणाऱ्या आमच्या पोराला काय विचारले जाते? आधी आडनाव. आडनावावरून कळले नाही तर गाव, आणि गावावरून कळले नाही तर "गावात घर कुठल्या बाजूला?" मग खोली अचानक "कालच दिली गेली" असते. दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र पुढे महिनाभर लटकत राहते! हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांचा आहे आणि तो निमूटपणे गिळण्याची आपल्याला सवय लागली आहे. या सवयीविरुद्धच आज आम्हाला लिहायचे आहे.

नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम १२ त्याहून मोलाचे आहे. ज्याच्याविरुद्ध कृत्य घडले तो अनुसूचित जातीचा असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे असते. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे, म्हणून हे संरक्षण धम्मबांधवांनाही आहे. पण गृहीतकाच्या आधी कृत्य तर सिद्ध झाले पाहिजे! म्हणून खोली पाहायला एकट्याने जाऊ नका. सोबत कोण होते, काय बोलणे झाले, तारीख कोणती, पाटी कधीपर्यंत होती, मोबाईलवर काय निरोप आला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. रागाच्या भरात चार शिव्या देऊन परतलेल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही.

खोली मिळाली की दुसरी लढाई सुरू होते. तोंडी व्यवहार, रोख अनामत, पावती नाही. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. मालकाने ती पार पाडली नाही तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भाड्याची पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. भाडे थकले म्हणून नळ आणि वीज तोडण्याचा अधिकार मालकाला नाही, आणि लेखी मागणीनंतर ९० दिवस उलटल्याशिवाय थकबाकीसाठी घर खाली करण्याचा दावाही लावता येत नाही. मात्र एक सावधगिरी. अकरा महिन्यांच्या ज्या कागदावर 'लिव्ह अँड लायसन्स' असे लिहिलेले असते तो भाडेकरार नव्हे, ती केवळ राहण्याची परवानगी आहे. मुदत संपली की भाडेकरूची बहुतेक कवचकुंडले तेथे उपयोगी पडत नाहीत. कागद कोणता हे सही करण्यापूर्वी विचारा, सही झाल्यावर नव्हे!

आता प्लॉटकडे वळू. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईला जाऊन आणलेला पैसा आमचा माणूस शहराच्या कडेला एका प्लॉटमध्ये घालतो. व्यवहार कसा? शंभराच्या बाँडवर, नोटरीच्या शिक्क्यावर, चार साक्षीदारांसमोर. शिक्का गोल आणि लाल असला की काम पक्के झाले असे आपल्याला वाटते. बंधूंनो, नोटरीच्या शिक्क्याने जमीन आपल्या नावावर होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि करारनाम्यावर मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठणकावून सांगितले. तोच प्लॉट तिघांना विकला गेल्याचे जेव्हा उघड होते तेव्हा ज्याचे खरेदीखत नोंदलेले आहे तो बांधकाम सुरू करतो आणि आमचा माणूस बाँड घेऊन कोर्टाच्या आवारात फिरत राहतो. पैसे देण्यापूर्वी सातबारा पाहा, फेरफार पाहा, जमीन अकृषिक झाली आहे का ते पाहा. मोठी प्लॉटिंग असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. अशा नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेण्यास २०१६ च्या कायद्याने मनाई केली आहे. "विश्वास नाही का?" असा प्रश्न जो विकणारा विचारतो, त्याच्यापासून चार पावले लांब राहा. विश्वास असेल तर कागद द्यायला अडचण कसली?

सावकारीचा फास तर आणखी जुना. लग्नासाठी, दवाखान्यासाठी पैसे घेतले आणि तारण म्हणून 'नावापुरते' खरेदीखत करून दिले. व्याज फिटले, मुद्दल फिटले, पण जमीन फिरून आली नाही, अशी कहाणी सांगणारी माणसे आमच्या कार्यालयाच्या बाकावर नेहमी बसलेली असतात. त्यांना वाटते सही केली म्हणजे सगळे संपले. तसे नाही! महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ च्या कलम १८ खाली बेकायदा सावकारीत गेलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि त्यासाठी मागील पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासता येतात. ज्या बाईने रक्कम फेडताना वहीच्या कोपऱ्यात तारखा आणि आकडे मांडून ठेवले, तिची बाजू तेथे उभी राहते. ज्याने "तोंडाचा व्यवहार" म्हणून काहीच ठेवले नाही त्याला उभे करणे आम्हालाही जड जाते.

आज सावकाराच्या जागी गटाचे कर्ज देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. आमच्या मायभगिनी इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यावर जेथे पेन्सिलीची फुली असेल तेथे सह्या करतात. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सूक्ष्म कर्जाचा करार कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी व सायंकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. मराठी कागद मागणे हा उद्धटपणा नव्हे, तो हक्क आहे. करार कायद्यानेही १८७२ पासून हेच सांगितले आहे की मोकळ्या मनाने दिलेली संमती हीच संमती. जे समजलेच नाही त्याला मोकळी संमती कशी म्हणायची?

आणि बियाणे! परभणीत कृषी विद्यापीठ आहे, तरी जूनमध्ये सोयाबीन पेरून उगवलेच नाही म्हणून कपाळाला हात लावणारा शेतकरी याच जिल्ह्यात आहे. शेतकरी हा ग्राहक आहे का, असा वाद बियाणे महामंडळाने थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला की शेतकरी ग्राहकच आहे, आणि पुढे प्रयोगशाळेत तपासणीसाठी लागेल म्हणून त्याने विकत घेतलेले बियाणे बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. तरीही शहाणपण असे सांगते की पक्के बिल, पिशवी आणि तिच्यावरचा टॅग जपून ठेवा, मूठभर बियाणे राखता आले तर राखा, आणि उगवण झाली नाही की लगेच कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा मागा. त्या शेतात दुबार पेरणी झाली की पुरावा मातीत जातो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. कायदा म्हणतो, ज्यात तपासणीची गरज नाही ते प्रकरण शक्यतो तीन महिन्यांत संपावे. ते संपत नाही, हेही आम्ही रोज पाहतो. रिक्त पदे, तारखांवर तारखा हे वास्तव आहे. पण दार बंद आहे असे समजून दाराशीच न जाणे हे त्यावरचे उत्तर नव्हे.

येथे आम्ही स्वतःच्या व्यवसायाबद्दलही बोलले पाहिजे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवली. म्हणजे दुकानदाराला, बिल्डरला, डॉक्टरला जो कायदा तो वकिलाला नाही! निकाल काहीही असो, आमची नैतिक जबाबदारी त्यामुळे वाढली आहे. पक्षकाराने फीची पावती मागितली, दाव्याची प्रत मागितली, तर रागावणाऱ्या वकिलाने जयभीम म्हणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ज्याच्याकडे फी नाही त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला तेथे उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातच हे कार्यालय असते. आपल्यापैकी किती जणांनी त्याची पायरी चढली आहे?

१० डिसेंबर २०२४ रोजी याच परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर पकडला गेलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्याची आई न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या माउलीची लढाई अर्जांवर, शवविच्छेदनाच्या अहवालावर, तारखांवर म्हणजे कागदावरच लढली गेली. तिच्या दुःखाची आणि घरभाड्याच्या पावतीची तुलना कोणी करू नये. पण दोन्हीकडे एकच धडा आहे : ज्यांच्याकडे सत्ता नाही, पैसा नाही, त्यांच्याकडे पुरावा तरी असलाच पाहिजे.

संविधानाच्या प्रतिकृतीसाठी रस्त्यावर उतरणारा समाज स्वतःच्या घराचा कागद मात्र न वाचता सही करतो, ही विसंगती आपणच संपवायची आहे. जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत आपली विहारे आहेत. रविवारी वंदना झाल्यावर एक तास कागदांना द्या. ज्याच्या घरी करार, नोटीस, कर्जाचा गठ्ठा असेल त्याने तो आणावा. शिकलेल्या पोरापोरींनी तो मोठ्याने वाचून मराठीत समजावून सांगावा. जे समजणार नाही ते वकिलाकडे न्यावे. वर्गणी नको, मंडप नको, पाहुणे नकोत. परभणीत आम्ही आणि आमचे काही सहकारी वकील या कामाला रविवारी मोकळे आहोत. पहिला रविवार कोणते विहार मागते, याची आम्ही वाट पाहतो.

जयभीम!