फोटो टिकायला हवा ना!

परवा माळा आवरताना आईच्या लग्नातला फोटो सापडला. कृष्णधवल, कडा पिवळसर. पण नथीतला मोतीसुद्धा स्पष्ट दिसतो. त्याखालीच लेकीच्या बारशाचा फोटो होता. 2005 साली घरच्या प्रिंटरवर हौसेने काढलेला. सासूबाईंच्या मांडीवर नात, आणि दोघींचे चेहरे तांबूस, ओळखू न येणारे! मूळ फोटो होता तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. सासूबाईही आता नाहीत.

असं का झालं? फोटोवाल्यांनी समजावलं. प्रिंटरची शाई दोन प्रकारची. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. उजेड आणि हवा लागून तो लवकर उडतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते तग धरतात. अहो, मोठमोठे लोकही इथे फसले! गायक ग्रॅहम नॅश यांनी 1991 साली अमेरिकेत डिजिटल कलाछपाईचा स्टुडिओ काढला, तेव्हाचे सुरुवातीचे प्रिंट काही वर्षांतच फिके पडत. पुढे पिगमेंट शाई आली. प्रखर उजेडातल्या चाचण्यांवरून, चांगल्या कागदावरचा असा प्रिंट काचेमागे 100 वर्षांहून अधिक टिकेल, असा अंदाज आहे.

म्हणून मैत्रिणींनो, दुकानात नुसतं 'मोठा करून द्या' म्हणू नका. शाई पिगमेंटची आहे का? कागद आम्लमुक्त, शक्यतो सुती आहे का? फ्रेममागचा पुठ्ठाही आम्लमुक्त आहे ना? हे विचारा. आणि फोटो उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. खर्च जास्त येतो, मान्य. पण सगळेच फोटो कुठे छापायचेत? वर्षाला एक पुरे.

तो एक कुणाचा, हे मात्र ठरवा. आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणींकडे आईचा म्हणून फोटो एकच, आधार कार्डावरचा! आपल्याकडे बाईचा फोटो भिंतीवर चढतो तो हार घालायच्या वेळी. त्याआधी, ती हसत असताना का नाही?

बारशाचा फोटो मी स्कॅन करून, रंग सुधारून, सुती कागदावर नव्याने छापून घेतला. छान आलाय. पण सासूबाईंच्या साडीचा हिरवा रंग फोटोवाल्याने अंदाजाने भरलाय. खरा हिरवा कोणता होता, ते आता कुणालाच आठवत नाही.