महाग काय, अ‍ॅप की बॅटरी?



‘अ‍ॅपचे चोचले काढा, इलेक्ट्रिक गाडी स्वस्त होईल’ हा आपल्या अंकातील लेखाचा सूर हिशेबाला धरून नाही. एमजीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी सप्टेंबर 2024 मध्ये आली, तेव्हा बॅटरीसह तिची एक्स-शोरूम किंमत 13.50 लाखांपासून होती. बॅटरी भाड्याने घेतल्यास 9.99 लाखांपासून. गाडी तीच, अ‍ॅप तेच. साडेतीन लाखांचा फरक बॅटरीचा! लेखात मात्र 9.99 लाख हीच ‘किंमत’ म्हणून छापली आणि किलोमीटरमागे साडेतीन रुपयांचे बॅटरीभाडे गाळले. लाखभर किलोमीटर चालवा, वाचलेले साडेतीन लाख भाड्यात गेले. चार्जिंगचे बिल वेगळेच.

राहिले अ‍ॅप. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा एसी घरातून सुरू करणे किंवा चार्जिंग कितपत झाले ते पाहणे याला लेखक चैन म्हणतात. म्हणोत बापडे. खरे दुखणे त्यांनी पाहिलेच नाही. आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलला रेंज नसते; अ‍ॅपने गाडी उघडू पाहावे तर पडद्यावर चक्र फिरत राहते, शेवटी खिशातली चावीच काढावी लागते. शिवाय ही सेवा बहुतेक गाड्यांत पहिली काही वर्षेच फुकट, पुढे वर्गणी. ती किती, असे शोरूममध्ये विचारून पाहा. सेल्समन लगेच सनरूफ उघडून दाखवतो.

यापुढे गाडीची किंमत देताना बॅटरीभाडे आणि अ‍ॅपची वर्गणी दोन्ही छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, चिंचवड